पिवळं पान कुठलं, ते आधी सांगा

पुण्यातल्या आमच्या सोसायटीची बाग आणि गच्चीवरच्या कुंड्या बरीच वर्षं माझ्याकडे आहेत. त्यामुळे "काकू, पानं पिवळी पडतायत, काय घालू?" हा प्रश्न मला जिन्यात, लिफ्टमध्ये, अगदी लग्नाच्या पंगतीतही विचारला गेला आहे. माहेर रत्नागिरीकडचं, म्हणून तिकडूनही फोन येतात. विचारणाऱ्याने काहीतरी घालायचं हे आधीच ठरवलेलं असतं, त्याला फक्त वस्तूचं नाव हवं असतं. माझा अनुभव मात्र असा की घरच्या बागेतली बहुतेक पानं काहीतरी जास्त झाल्याने पिवळी पडतात. कधी पाणी जास्त होतं, कधी खत, कधी क्षार, कधी औषध. त्यामुळे मी आधी काय थांबवायचं ते शोधते. ते शोधताना काय बघते, ते लिहून ठेवते आहे.

१. आधी महिना बघा

फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंब पिवळा पडतो, पानांचा सडा पडतो आणि दोन-तीन आठवड्यांत कोवळी तांबूस पालवी फुटते. बदामाची पानं लालभडक होऊन गळतात, तीही वर्षातून दोनदा. चाफा थंडीत निष्पर्ण होतो आणि नुसती जाडजूड खोडं उभी राहतात. कढीपत्ता थंडीत पिवळा पडून रोडावतो आणि उन्हं तापली की पुन्हा फुटतो. यातला एकही आजार नाही. पान टाकण्याआधी झाड त्यातलं हरितद्रव्य मोडतं, नत्र आणि स्फुरद परत फांदीत ओढून घेतं आणि मग देठ सोडतं. हिशेबी काम आहे ते.

हे माहीत नसल्यामुळे चाफ्याला डिसेंबरात बादलीभर पाणी घालणारे लोक मी पाहिले आहेत. झोपलेल्या झाडाच्या मुळाशी एवढं पाणी साचलं की खोड खालून मऊ पडून कुजतं. "वाळलंय, तोडून टाका" असा अर्ज घेऊन येणारेही भेटतात. फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. आणि शहरात झाड तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, स्वतःच्या आवारातलं असलं तरी.

२. खालचं पान की शेंड्याचं?

मला एकच प्रश्न विचारायची मुभा दिली तर मी हा विचारीन. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं झाडात इकडून तिकडे हलू शकतात. टंचाई आली की झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याला देतं. घरात चणचण असली की थोरांच्या ताटातलं आधी कमी होतं, तसंच. म्हणून यांच्या कमतरतेत खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात आणि शेंडा बराच काळ हिरवा राहतो.

लोह, गंधक, जस्त, चुना यांचं तसं नाही. एकदा पानात बसली की ती फारशी हलत नाहीत. त्यामुळे त्यांची उणीव नव्या पानांवर दिसते, जुनी मात्र हिरवीगार असतात. म्हणजे "पानं पिवळी" या एकाच तक्रारीचे दोन वेगळे रस्ते इथेच होतात. शेंडा पिवळा असताना युरिया टाकणारा माणूस चुकीच्या रस्त्याने निघालेला असतो. मग तो कितीही टाको.

खालची एखाद-दुसरीच पानं पिवळी असतील आणि वर जोमाने वाढ चालू असेल, तर ते पान म्हातारं झालंय, एवढंच. नारळाची सर्वांत खालची झावळी पिवळी पडून लोंबते, त्यावरून कोणी घाबरून फोन करू नये.

३. शिरा हिरव्या आहेत का?

पान उजेडासमोर धरा. सगळं पान एकसारखं फिकट, तेही खालचं, तर नत्र कमी. खालच्या पानाचा मधला भाग पिवळा आणि देठाजवळ हिरवा त्रिकोण शिल्लक, तर मॅग्नेशियम. लिंबावर हे फार छान दिसतं. मॅग्नेशियम हरितद्रव्याच्या रेणूच्या अगदी मध्यभागी असतं, ते नसेल तर हिरवेपणा टिकणार कसा? एप्सम सॉल्ट लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी फवारलं की भागतं. पण हल्ली एप्सम सॉल्ट हे सर्व रोगांवरचं औषध असल्यासारखं विकलं जातं, तसं ते नाही.

नवी पानं लहान, अरुंद, उभी, एकमेकांच्या जवळजवळ आणि शिरांमध्ये पिवळे पट्टे असतील, तर जस्त. लिंबूवर्गात हे नेहमीचं.

आता पुण्यातलं खास दुखणं. अनंत, जास्वंद, लिंबू, गुलाब यांची शेंड्याची पानं पिवळी, पुढे पुढे पांढुरकी, आणि त्यावर शिरांची बारीक हिरवी जाळी. हे लोहाचं. गंमत अशी की आपली माती काळ्या बेसॉल्टपासून झालेली, तिच्यात लोह भरपूर. पण जमिनीत चुनखडी असली आणि सामू आठच्या आसपास गेला की ते लोह मुळांना घेता येत नाही. त्यात बोअरचं जड पाणी रोज पडतं आणि चुना वाढतच जातो. इमारत बांधताना उरलेलं सिमेंट आणि राडारोडा बागेत पुरलेला असेल, तर मग विचारायलाच नको. रत्नागिरीच्या तांबड्या जांभ्या मातीत सामू आम्लाकडे झुकलेला असतो. तिथे हाच अनंत काहीही न करता काळाभोर हिरवा राहतो. माझी आई मला विचारायची, "तुमच्याकडे अनंताला काय होतं गं?"

घरी एक परीक्षा करता येते. चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकायचं. फसफसली तर चुना आहे. दुसरी परीक्षा पानावर. लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस विरघळवून ब्रशने पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागाला लावायचं. आठवडा-दहा दिवसांत तेवढाच भाग हिरवा व्हायला लागला, तर दुखणं लोहाचंच. लोहाच्या क्षाराने फिकट वेल हिरवी होते, हे युसेब ग्री या फ्रेंच संशोधकाने १८४० च्या दशकातच दाखवलं होतं. हिराकस घेताना हिरवट खडे घ्या. तपकिरी झालेल्याचा उपयोग नाही.

कुंडीत गंजके खिळे पुरण्याचा सल्ला मात्र मी कोणालाही देत नाही. गंज म्हणजे जे लोह मुळांना घेता येत नाही, तेच. चुनखडीच्या मातीत खिळे वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात आणि माती बदलताना आपल्याच बोटात घुसतात. चिलेटेड लोह विकत घेणार असाल तर पुडक्यावरचं नाव वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह आम्ल मातीत चालतं, आपल्या चुनखडीच्या मातीत मुळाशी घालायला ईडीडीएचए लागतं. ते महाग असतं. पण स्वस्त घेऊन फुकट जाण्यापेक्षा परवडतं. आणि दर वर्षी शेणखत, पालापाचोळा, जमल्यास थोडं गंधक. सामू हळूहळू उतरतो, एका पावसाळ्यात नाही.

४. माती ओली आणि झाडाने मान टाकलेली

यात माणसं हमखास फसतात. झाड सुकल्यासारखं दिसतं, म्हणून पाणी घातलं जातं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की पांढरी मुळी गुदमरते, कुजते, आणि पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने सुकतं. शेतकरी वाफशाची वाट बघतात. आपण कुंडीवाले मात्र रोज सकाळी ठरलेल्या वेळी पाइप धरतो.

पाणी कमी पडलेलं पान कुरकुरीत होतं, बोटांत चुरगळतं. पाणी जास्त झालेलं पान पिवळं पडतं, मऊ राहतं आणि जरा धक्का लागला की देठासकट गळतं. खात्रीसाठी बोट दोन पेरं मातीत घाला. मोठ्या कुंडीत बांबूची काडी खोचून बाहेर काढा, तिला ओली माती चिकटली तर आज पाणी नको. नुसता वरचा थर बघून काही कळत नाही. कोकोपीट वरून खडखडीत आणि खाली थबथबलेलं असू शकतं.

कुंडीखालची बशी पावसाळ्यात काढून टाका. तळाच्या भोकावर माती घट्ट बसली आहे का, तेही बघा. जमिनीतल्या झाडासाठी फूटभर खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं, तर त्या जागी पपई लावू नका. पपईच्या बुंध्याशी एक-दोन दिवस पाणी तुंबलं तरी ती बसते. भारी काळ्या मातीत पपई उंच गादीवाफ्यावरच हवी.

५. कडा करपल्या तर पाणी कुठून येतं ते विचारा

पानाचं टोक आणि कडा तपकिरी, मधला भाग हिरवा. आंबा, जास्वंद, स्पायडर प्लांट, ड्रॅसिना, सगळ्यांवर दिसतं हे. जुन्याच पानांच्या कडा जळत असतील तर पालाश कमी असू शकतं. पण गच्चीवर मला तरी बहुतेक वेळा क्षार सापडतात. झाड पाणी पानातून उडवतं, क्षार मागे राहतात आणि कडेला साठतात.

एका घरात सगळ्या कुंड्यांची टोकं करपलेली होती. खत वेळच्या वेळी, ऊन बेताचं, कीड नाही. विचारता विचारता कळलं की पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून रोज कुंड्यांना जातं. हेतू चांगला. पण ते यंत्र पाण्यातले क्षार गाळून याच बाहेर टाकायच्या पाण्यात सोडतं. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते उत्तम, कुंडीला नको. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या वाफेचं, जवळजवळ क्षारमुक्त असतं, आणि तेच लोक गटारात सोडतात! त्या घरात या दोन बादल्यांची अदलाबदल केली आणि पुढची पानं स्वच्छ आली.

मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरी खपली धरत असेल, तर आतही क्षार आहेत. कुंडीच्या मापाच्या दुप्पट-तिप्पट चांगलं पाणी सावकाश ओतून तळातून वाहून जाऊ द्या. पावसाळ्याचे पहिले जोरदार पाऊस हे काम फुकट करतात, म्हणून छपराखालच्या कुंड्या तेव्हा उघड्यावर काढाव्यात.

६. आजारी झाडाला खत नको

मुळं दुखावली असताना खत म्हणजे आणखी क्षार. युरियात ४६ टक्के नत्र असतं, छोट्या कुंडीला त्याची चिमूटही जड होते. ताजं शेण, न मुरलेलं स्वयंपाकघरातलं खतही मुळं भाजतं. नवं पान फुटेपर्यंत थांबा.

७. पान उलटून बघा

एप्रिल-मेमध्ये जास्वंद आणि गुलाबाची पानं धुरकट, फिकी दिसू लागतात. जवळून पाहिलं तर टाचणीने टोचल्यासारखे असंख्य पिवळे ठिपके. पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर पडलेली धूळ चालू लागली तर ती लाल कोळी. कोरड्या उष्ण हवेत ती झपाट्याने वाढते. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड मारला तरी निम्मं काम होतं. गंधकही चालतं, मात्र कडक उन्हाळ्यात दुपारी गंधक फवारलं की कोळी राहते बाजूला आणि पानंच भाजतात.

पानांवर काळी काजळी बसली असेल तर ती पुसण्यात वेळ घालवू नका. वर बघा. मावा, पिठ्या ढेकूण किंवा पांढरी माशी चिकट गोड रस टाकते आणि काजळी त्यावर वाढते. नारळावरची चक्राकार पांढरी माशी भारतात २०१६ मध्ये तमिळनाडू-केरळात प्रथम दिसली, पुढे कोकणातही पोचली. तिच्यावर एन्कार्सिया नावाचा डोळ्यालाही नीट न दिसणारा परजीवी कीटक उपजीविका करतो. विषारी औषधं मारली की तो आधी मरतो. त्यामुळे नारळावर मी पाण्याचा फवारा आणि निंबोळीचं तेल याच्या पुढे जात नाही.

पावसाळ्यात चाफ्याच्या पानावर वरून पिवळे ठिपके आणि खालून बोटाला लागणारी नारिंगी पूड, हा तांबेरा. गळलेली पानं वेचून नष्ट करा, फांद्यांत हवा खेळू द्या. झाड त्याने मरत नाही.

८. एकच फांदी पिवळी

सगळं झाड हिरवं आणि एकच बाजू पिवळी, तर खतपाण्याचा विचार सोडून द्या. खत सगळ्या झाडाला मिळतं. ती फांदी बुंध्यापर्यंत डोळ्यांनी उतरत या. आंब्यावर भोक, त्यातून पडलेला लाकडाचा भुसा आणि ओघळलेला चीक दिसला तर आत भिरुडाची अळी आहे. तारेने ती ओढून काढायची, भोकात रॉकेलचा बोळा घालून वर चिखल लिंपायचा. लवकर सापडली तर झाड वाचतं.

भोक नसेल तर जमिनीकडे बघा. त्या बाजूला केबलसाठी, पाइपसाठी चर खणला होता का? मुळं तुटल्याचा परिणाम कित्येकदा पुढच्या उन्हाळ्यात दिसतो, तोवर चर सगळे विसरलेले असतात. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट थेट बुंध्याला भिडवणं हा तर आपल्याकडचा सार्वत्रिक अडाणीपणा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीत झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. आपल्या सोसायटीला एवढं करायला आदेशाची वाट बघावी लागू नये.

९. उन्हाचा भाजका

सावलीतलं अ‍ॅग्लोनिमा मार्चमध्ये एकदम उन्हात ठेवलं की पानावर कागदासारखे पांढरट-तपकिरी डाग पडतात, तेही फक्त उन्हाकडच्या बाजूला. रोग समजून औषध फवारू नका, कुंडी मागे सरकवा.

१०. डावी बाजू, उजवी बाजू

अन्नद्रव्याच्या कमतरतेत पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू साधारण सारख्या दिसतात. लिंबू-संत्र्याच्या पानावर डावीकडे एक नक्षी आणि उजवीकडे भलतीच, वेडेवाकडे पिवळे डाग, असं असेल तर ग्रीनिंगचा संशय घ्यावा. तो जिवाणूजन्य रोग सिला नावाची बारीक कीड पसरवते आणि ती कढीपत्त्यावरही राहते. खात्री प्रयोगशाळेतच होते, पण एकदा ठरलं की उपाय नाही. झाड काढावं लागतं. भेंडीच्या पानाच्या शिरांचीच पिवळीधमक जाळी झाली तर तो विषाणू. लोहाच्या अगदी उलटं चित्र. ती भेंडी उपटून टाका. मोह धरलात तर पांढरी माशी तो शेजारच्या सगळ्या रोपांना देईल.

११. कुंडी उपडी करायला घाबरू नका

वरून काहीच उलगडा होत नसेल तर मी माती किंचित ओली करून झाड कुंडीतून अलगद बाहेर काढते. पांढरी, करकरीत मुळं आणि पावसाळ्यातल्या जमिनीसारखा वास असेल तर ठीक. तपकिरी, बोटाने ओढल्यावर साल सुटणारी मुळं आणि आंबूस घाण वास, म्हणजे कूज. मुळांचीच गोल गुंडाळी झाली असेल तर मोठी कुंडी हवी. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरायची नाही, आणि पुढच्या हंगामात तिथे झेंडू लावायचा.

१२. एका वेळी एकच उपाय

हिराकस, एप्सम, ताक, केळीच्या सालीचं पाणी आणि बुरशीनाशक, हे सगळं एकाच रविवारी केलं तर बरं कशाने झालं ते कधीच कळणार नाही. बिघडलं कशाने, तेही नाही. दोन सारखी रोपं असतील तर एकाला उपाय करा, एक तसंच ठेवा. करपलेला तपकिरी भाग पुन्हा हिरवा होत नाही, पूर्ण पिवळं झालेलं जुनं पानही बहुधा नाही. गुण आला की नाही, हे नव्या पानावर ठरतं, आणि ते यायला झाडाला तीन-चार आठवडे लागतात.

आणि एक विनंती. मला किंवा नर्सरीवाल्याला, कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाला विचारायला जाताना खिशात एकच पिवळं पान घेऊन जाऊ नका. शेंड्याचं एक, मधलं एक, खालचं एक अशी तीन पानं न्या. पानाची खालची बाजू, अख्खं झाड, बुंधा आणि आळं यांचे फोटो काढा. पाणी कुठलं आणि किती घालता, गेल्या दोन महिन्यांत काय काय घातलं, ते आठवून सांगा. लाजून काही लपवू नका. जमिनीतलं फळझाड असेल तर सोबत अर्धा किलो मातीही न्या, आळ्यातल्या चार-पाच ठिकाणची, वीतभर खोलीची, सावलीत वाळवलेली. माती परीक्षणाला खताच्या एका चांगल्या पिशवीपेक्षा कमी पैसे पडतात.